वेळ दाखवणारी केबल

गेल्या दिवाळीत थोरल्या जाऊबाईंनी माझ्या नव्या सुनेला फराळाच्या ताटाबरोबर एक गोष्ट वाढली. सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, सहस्रचंद्रदर्शन झालं, त्या दिवशीची. कणकेचे एक्क्याऐंशी दिवे त्यांनी एकटीने केले, पहाटेपासून हॉलवर त्या राबल्या, आणि "तुझी सासू आली ती थेट पंगतीला." ही गोष्ट मी अठरा वर्षं ऐकत होते. लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्यालाही. दर वेळी गप्प बसले, कारण वाद घातला की आपणच भांडकुदळ ठरतो. पण या वेळी सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिला घरात येऊन चार महिने झाले होते आणि माझ्याबद्दल तिचं मत अजून बनत होतं.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरचा डबा उतरवला. त्या दिवसाचं शूटिंग नवऱ्याने केलं होतं, छोट्या कॅसेटच्या कॅमेऱ्यावर. आम्ही ते एकदा पाहिलं आणि ठेवून दिलं. डब्यावर माझ्याच अक्षरात यादी चिकटवलेली होती: कॅमेरा, चार्जर, रिमोट, कॅसेट तीन. सगळं होतं. फक्त लॅपटॉपला जोडायची केबल नव्हती.

कॅमेरा पिशवीत घालून एम. जी. रोडवरच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, असले कॅमेरे हाताळलेला. त्याने काउंटरवर तीन केबल मांडल्या.

"यूएसबी विसरा. या कॅमेऱ्यात तिच्यातून फक्त फोटो येतात. ही फायरवायर. कॅसेटवर जे आहे ते जसंच्या तसं उतरतं. हल्लीच्या लॅपटॉपला तसलं भोक नसतं, पण मी जोडणी मागवून देतो. आणि ही पिवळी-पांढरी-लाल, टीव्हीला लावायचो ती. सोबत हा छोटा कन्व्हर्टर लागतो. पण ताई, ही घेऊ नका. चित्र पुसट येतं, रंग फाटतात."

"शूटिंग पाहताना कोपऱ्यात तारीख आणि वेळ दिसते. ती कोणत्या केबलने येते?"

"ती फायरवायरने नाही येत. चित्र एकदम स्वच्छ. पिवळ्या वायरीने येते, कारण स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं जातं. रिमोटवरून वेळ चालू ठेवायची फक्त."

"मग पिवळी द्या."

"अहो, खराब दिसेल."

"दिसू दे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "कोर्टात द्यायचंय का?"

"जवळपास."

कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ उतरवायला लागतो. दोन दुपारी मी लॅपटॉपसमोर वही घेऊन बसले. पाच बेचाळीस: मी हॉलच्या दारात रांगोळी काढते आहे. सहा दहा: मी परातीत दिवे मांडते आहे, वाती घालते आहे. सहा पंचवीस: सासरे धोतराचा सोगा सावरत येतात आणि म्हणतात, "धाकटीला चहा द्या कुणीतरी, केव्हाची उभी आहे." ते वाक्य मी तीनदा ऐकलं. नंतर उठून तोंड धुतलं आणि पुढे सुरू केलं. बारा वीस: ओवाळून झालंय, पानं मांडली जातायत, आणि देवळाली कॅम्पच्या त्यांच्या घरून आलेल्या रिक्षातून जाऊबाई उतरतात. गजरा ताजा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं होतं असं कुणी म्हणू नये म्हणून हॉलच्या भिंतीवरचं घड्याळही तपासलं. ते चित्रात दिसतं. दोन मिनिटांचा फरक. एकही चित्र कापलं नाही. कापलं की संशयाला जागा राहते.

थोरल्या दिरांची साठी त्यांच्या घरी होती. जेवणं झाली, मी म्हटलं, "नानांचं जुनं शूटिंग आणलंय, बघायचं का?" नाही कोण म्हणणार. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला आणि जाऊबाईंच्या शेजारी, मुद्दाम शेजारी, बसले.

नाना बोलले तेव्हा दिरांनी डोळे पुसले. दिव्यांची परात आली तेव्हा माझी सून पुढे सरकून बसली.

"काकू, हे दिवे तर आई मांडतायत."

"केले मी होते. घरी. सकाळी पाठवून दिले," जाऊबाई म्हणाल्या.

"मग हॉलवर पहाटेपासून कोण राबत होतं?"

तेवढ्यात पडद्यावर रिक्षा आली, कोपऱ्यात बारा वीस. दीर बायकोकडे न बघता म्हणाले, "द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो असू."

"सहा तास?" माझा नवरा म्हणाला. अठरा वर्षांत तो या विषयावर पहिल्यांदाच बोलला.

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. जाऊबाईंचा हात मांडीवरच्या पदराशी चाळा करत होता आणि मी तो सावकाश, पोटभर बघितला.

निघताना त्या स्वयंपाकघरात मागून आल्या.

"ह्यांना नानांच्या आवाजाची कॉपी हवीय. मुलांनाही पाठवायचीय. ती कोपऱ्यातली वेळ तेवढी काढता येईल का गं? चित्र बघताना मध्ये येते."

"येते ना काढता. दुसऱ्या केबलने उतरवलं की वेळ येतच नाही. चित्रही जास्त स्वच्छ."

"मग तसं दे."

"वहिनी, ती केबल मी घेतली नाही," मी म्हटलं आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला.