दोर खाली ठेव

"दोर खाली ठेव," सरपंच म्हणाले.

मी थांबलो. दोर खांद्यावर होता. नवा, अंबाडीचा, पन्नास हातांचा. विहीर चव्वेचाळीस हात खोल. उरलेले सहा हात कप्पीला, गाठीला आणि ओढणाऱ्याच्या पकडीला. हा हिशेब मला बापाने दिला होता, त्याला त्याच्या बापाने. आमच्या घराने पिढ्यान् पिढ्या त्या विहिरीला दोर पुरवला. विहिरीत वाकून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. पाणी हिरवं दिसतं की काळं, मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवशी गावात दोर-उद्योग केंद्राचं उद्घाटन होतं. पंचायत समित्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. घाटंजीहून समितीचे उद्योग विभागाचे साहेब आले होते. पांढरा शर्ट, तपकिरी बूट, बोलणं गोड. भाषणात ते म्हणाले, "ज्यांनी हा दोर वळला, त्यांनीच पहिली बादली काढावी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते खरं वाटलं. मी विहिरीकडे निघालो.

आणि सरपंचांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही. चुलीकडे निघालेल्या लहान पोराला मागे घेतात, तसं म्हणाले.

मी दोर जमिनीवर ठेवला. मागे सरलो. सरपंचांचा गडी तांब्या घेऊन आला. त्याने दोरावर पाणी ओतलं, मग तो उचलला, कप्पीवरून सोडला आणि बादली वर काढली. पुन्हा टाळ्या. पेढे वाटले. मला पेढा वरून टाकला. त्याच बादलीतलं पाणी ओंजळीत वरून ओतलं.

साहेब घड्याळाकडे बघत होते. जाताना माझ्याजवळ थबकले. हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला काम मिळालं ना? ते महत्त्वाचं."

मला चाळिसावं लागलं होतं. घरात बायको, दोन मुलगे, एक मुलगी. मी घरी आलो.

आम्ही मांग. गावाचे दोर आम्ही वळायचे. पोळ्याच्या आधी प्रत्येक घरच्या बैलांना वेसण, कासरे, दावी द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत. खळं झालं की ज्वारी मागायला जायचं. तिला आमचा हक्क म्हणत, पण मागावी लागायची भिकेसारखी. टोपलं पुढे करून उभं राहायचं. कुणी भरून द्यायचा, कुणी "उद्या ये बे" म्हणायचा. आणि दोर द्यायची रीत एकच. दारासमोर ठेवायचा आणि मागे सरायचं. त्यावर पाणी शिंपडून घरधनी उचलणार. मग तोच दोर बैलाच्या नाकातून जाणार, तोच विहिरीत उतरणार.

छप्पन साली बाजूच्या वस्तीने दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढणं टाकलं. आमच्या वस्तीत चर्चा झाली. म्हातारे म्हणाले, त्यांचं त्यांच्यापाशी, आपल्याले खळ्याची ज्वारी पुरते. ती पुरत नव्हती. मी मोजून पाहणारा माणूस आहे. फाल्गुनात कणगी तळाला लागायची.

म्हणून केंद्राचं ऐकलं तेव्हा मी एकटाच साहेबांना भेटायला घाटंजीपर्यंत चालत गेलो. त्यांनी मला बाकावर बसवलं. समजावून सांगितलं. समिती यंत्र देणार, पत्र्याची शेड बांधून देणार. आमच्या वस्तीतली आठ पोरं माझ्या हाताखाली शिकतील. माल बाजारात विकायचा, कष्टाचा दाम रोख घ्यायचा. मी विचारलं, "पोळ्याचे फुकटचे दोर?"

"फुकट काहीच नाही," साहेब म्हणाले. "हा धंदा आहे."

धंदा. हा शब्द मी परत येताना सगळ्या वाटेवर मनात घोळवला. माझी पोरं टोपलं घेऊन खळ्यावर उभी राहणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ मला कळला. तेवढा पुरे होता.

केंद्र चाललं. यंत्र चांगलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. एकाने दांडा फिरवायचा, तीन लोखंडी आकड्यांवर तीन पदर एकदम पीळ घ्यायचे. हाताने दिवसभर जेवढं होई, ते दुपारपर्यंत होऊ लागलं. पण अंबाडी ओली लागते. कोरडी वळली तर कुसळं निघतात, पदर तुटतो. शेड विहिरीसमोर बांधली होती, आणि आम्हाला विहीर बंद. सरपंचांच्या घरच्या बाईने घागर आणून ओतली तरच पाणी. ती तिच्या कामातून मोकळी झाली की यायची. तोवर मी आणि आठ पोरं यंत्रापुढे बसून राहायचो. समोर आम्हीच वळलेला दोर वरखाली व्हायचा. कप्पी कुरकुरायची.

एकदा एक पोरगा म्हणाला, "काका, हा दोरच आपल्यापेक्षा बरा. याले विहीर चालते." पोरं हसली. मी हसलो नाही.

पोळा जवळ आला तसे सरपंच शेडमध्ये आले. दाराबाहेरच उभे राहिले.

"बैलायचे दोर काढून ठेव. नेहमीसारखे."

"हा केंद्राचा माल आहे भाऊसाहेब. बाजारात जाते."

"केंद्र कोनाचं? गावाचं. अन् तू कोनाचा हायेस बे?" ते हसत होते. राग नव्हता. रागाची गरजच वाटत नव्हती त्यांना.

 मी दोर काढून ठेवले नाहीत.

पोळ्याच्या दिवशी सकाळी कप्पीवर झिजलेला विहिरीचा दोर तुटला. बादलीसकट खाली गेला. सणाचा दिवस, बैल धुवायचे, पुरणाचा स्वयंपाक, आणि बाया घागरी घेऊन ताटकळलेल्या. गडी धावत शेडवर आला. माझ्याकडे पन्नास हातांचा दोर तयार होता. तो घेऊन मी विहिरीजवळ गेलो. कठड्यापासून जिथे थांबायचं, तिथे थांबलो. दोन्ही हात पुढे केले. दोर हातांवर.

"ठेव," गडी म्हणाला.

"घे," मी म्हणालो.

त्याला समजलं नाही. आजूबाजूच्या बायांनाही समजलं नाही. मग समजलं, आणि गडी सरपंचांकडे धावला.

सरपंच आले. "ठेव न बे खाली."

"हातात घ्या."

"काहून?"

"मी वळला. हातातच देईन."

"सरकारनं मशीन देल्ली तं मस्ती चढली का तुले?"

मी तसाच उभा. पन्नास हातांचा अंबाडीचा दोर जड असतो. थोड्या वेळाने मी कोपरं बरगड्यांना टेकवली. कुणी मारलं नाही. मारतील याची मी तयारी केली होती. घडलं ते वेगळंच. आमच्या वस्तीकडून माझा मोठा भाऊ आला. कुणीतरी त्याला बोलावून आणलं होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"दादा," मी म्हणालो.

"पोरंबाळं हायेत आपले," तो म्हणाला. माझ्या हातांवरचा दोर त्याने उचलला. वाकून जमिनीवर ठेवला. मागे सरला.

गड्याने पाणी ओतलं. दोर उचलला. कप्पी पुन्हा कुरकुरायला लागली.

माझे हात तसेच पुढे होते. रिकामे. ते खाली घ्यायला मला वेळ लागला.

घरी बायको अंबाडी सोलत होती. तिला बातमी आधीच कळली होती. ती म्हणाली, "ज्वारी येनार नाही आता."

"हाव."

"मले इचारलं नाही तुमी."

खरं होतं. मी कुणालाच विचारलं नव्हतं.  तिने हातातली काडी संपवली आणि दुसरी घेतली. 

मी केंद्रात जाणं सोडलं. पंधरवड्याने साहेब आले, मला शेडमध्ये बोलावून घेतलं. पोरांना बाहेर काढलं, दार लावलं. म्हणाले, "एवढ्या कारणावरून काम सोडता? आठ पोरांच्या रोजगाराचा प्रश्न आहे. मी जातपात मानत नाही. आणा तो यंत्रावरचा दोर." मी तो काढून पुढे धरला, त्यांनी माझ्या हातातून घेतला. अगदी सहज घेतला.

मी म्हणालो, "साहेब, आता विहिरीपाशी चला. तिथं घ्या."

त्यांनी बुटांकडे पाहिलं. "मला इथं सगळ्यांना सोबत घेऊन काम करावं लागतं."

"मग दार उघडा," मी म्हणालो. "मला जायचं आहे."

केंद्र बंद पडलं नाही. तिथे आता माझा भाऊ शिकवतो. यंत्र चांगलं आहे, पोरं शिकतात, थोडाफार माल बाजारातही जातो. पोळ्याला दोर दारोदार जमिनीवर ठेवले जातात. भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याच्या घरच्या लग्नाला मला अक्षत आली नाही. वाटेत समोर आला तर तो बांधावरून जातो. मला त्याचा राग नाही. त्याची पाठ मात्र मला ओळखू येते, खूप लांबून.

मी घरी, निंबाखाली, जुन्या लाकडी फिरकीवर दोर वळतो. बायको पदर धरते. पाणी ती नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून आणते. बाजाराच्या दिवशी घाटंजीला जातो. बाकीचे दोरवाले पोतं पसरून त्यावर माल मांडतात. मी दोन बेचक्या रोवतो, वर बांबू टाकतो आणि दोर त्यावर लटकवतो. जमिनीवर एकही दोर नसतो. ज्याला हवा त्याला मी काढून हातात देतो. झरीकडचे कोलाम आदिवासी घेतात, मारेगावकडचे कास्तकार घेतात. मी कोण, हे त्यांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांच्यातलाही एखादा घेतो.

मागच्या बाजारात आमच्या गावचा एक जण आला. भला माणूस आहे. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "दोर तं तुहाच लागते बाप्पा. दुसऱ्याचा टिकत नाही. इथं ठेव न खाली, मी उचलतो. पैसे दुप्पट घे."

मी बांबूवरून दोर काढला. त्याच्यापुढे धरला.

तो उभा राहिला.  मग गर्दीत निघून गेला.

दोर मी पुन्हा बांबूवर टाकला. त्या दिवशी तो विकला गेला नाही. खांद्यावर टाकून घरी आणला. पुढच्या बाजारात तोच नेईन. कुजला तर नवा वळीन. माझ्या हाताचा दोर यापुढे जमिनीला लागणार नाही. ज्याला हवा असेल त्याने हात पुढे करावा.