चूलबंद आवतण

आमचे हे ब्रह्मदेशाच्या लढाईवरून परत आले तेव्हा सोबत एक लोखंडी ट्रंक, एक तामचिनीचा मग आणि मोठा आवाज एवढंच घेऊन आले. ट्रंक अजून माझ्याकडे आहे. आवाजाचं काय सांगू! म्हशीला पाणी दाखवायचं असलं तरी हा माणूस हुकूम सोडल्यासारखा बोलायचा आणि म्हैस बिचारी दचकून मागे सरायची. "पलटणीत जवान जेवल्याबिगर आमी हवालदार लोक ताटाला हात लावत न्हवतो," असं पहिला घास घेता घेता ते सांगत. मी चुलीपुढे भाकरी थापत असायची. मनात म्हणायची, पलटणीत असेल बाबा, इथे माझ्या पोटात सकाळपासून कावळे ओरडतायत. तोंडावर कधी बोलले नाही.

राजकारणात ते ठरवून पडले नाहीत. रझाकारांच्या दिवसांत त्यांनी गावातल्या पोरांच्या हाती काठ्या देऊन वेशीत पहारा बसवला होता. पुढे हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि मग आपल्याच लोकांना चेव आला. कुऱ्हाडी घेऊन मुसलमान पिंजाऱ्यांच्या गल्लीकडे निघालेल्या गाववाल्यांपुढे हे आडवे उभे राहिले. "आदी मला तोडा, मंग फुडं जावा," म्हणाले. त्या गल्लीतलं एकही घर जळलं नाही. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढीच भीतीही वाटली. तेव्हापासून बांधाची भांडणं, सासरमाहेरची भांडणं, सगळी आमच्या ओसरीवर यायला लागली. भालकीहून पक्षाचे एक वकील आले, दोन दिवस राहिले आणि पहिल्या निवडणुकीला यांना उभं करून गेले.

समोरचे उमेदवार मोठे जमीनदार. त्यांचे लोक गावोगाव बकरी कापून पंगती उठवायचे. यांना त्याचा भारी राग. मतं मागायला हात जोडायचे असतात, पण यांचे हात पलटणीतल्यासारखे विजारीच्या शिवणीला चिकटलेले. ताठ उभे राहून ते गरजायचे, "जेवू घालून मत मागणाराला दारात उभं करू नका. आन् मी जर कुणाला जेवू घातलं, तर त्यानं मला मत देऊ नये!" आपला मतदारसंघ कुठवर आहे हेही न बघता राजेश्वर गावच्या बाजारात भेटलेल्या माणसांनासुद्धा त्यांनी हे ऐकवलं. लोक टाळ्या वाजवायचे. वकील कपाळाला हात लावायचे.

मताचा दिवस जवळ आला. मतं टाकायची खटकचिंचोळीच्या शाळेत, आमच्या गावापासून कोसभर. पक्षानं छापील कागद वाटायला दिले होते, पण आमच्या गावात छापील कागद चूल पेटवायच्या कामाचा. माझ्या सासूबाईंना सगळं गाव अव्वा म्हणायचं. त्या यांना म्हणाल्या, "कागदानं कोन येतंय रे? घरात कार्य हाय म्हन आन् अक्षत धाड." यांना ते एकदम पटलं. अक्षत घेतलेला माणूस घरी बसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

मग अव्वा पुढे तबक घेऊन आणि मी मागे, अशा आम्ही घरोघर फिरलो. पिंजाऱ्यांच्या गल्लीतही गेलो. मी दारात उभी राहून "मत हाय, मत हाय, समद्यांनी या" म्हणत होते. पण मत म्हणजे काय ते तेव्हा कुणाला नीट ठाऊक होतं? असेल एखादं नवं कार्य, म्हणून बाया माना डोलवायच्या. अव्वा उंबऱ्यावर अक्षत ठेवायच्या आणि तशाच आत जाऊन चुलीवरही चार दाणे टाकायच्या. जन्मभराची सवय. आमच्याकडे चुलीला अक्षत म्हणजे चूलबंद आवतण. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं.

मताच्या दिवशी पहाटेच हे दाढी करून, कोट घालून माळवदावर चढले. गावात कुठेच धूर नव्हता. "बग," मला वरून ओरडून म्हणाले, "समदं गाव उजाडायच्या आदीच चिंचोळीला गेलंय!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. खाली येऊन त्यांनी दार उघडलं, तर अंगणात सगळं गाव बसलेलं. धुतलेली धोतरं, ठेवणीतली लुगडी, प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या, कडेवर पोरं. जेवायला आले होते.

अव्वांना तेव्हा कुठे आपल्या हातानं काय झालं ते कळलं. "चुलीवरबी टाकली रं मी अक्षत," त्या म्हणाल्या. यांनी एकदा अव्वांकडे पाहिलं, एकदा अंगणाकडे. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. पण ते हळूच म्हणाले, "अक्षत आपल्या घरची हाय. परत कसं धाडायचं?" आणि मग नेहमीचा आवाज लागला. चुलीला चरी खणा, हंडे आणा, लाकडं फोडा! कार्याला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर लागते, पण तिला वेळ नव्हता. ज्वारीच्या कण्या शिजवल्या, उडदाचं घुटं केलं. शेजारपाजारच्या बाया तिखट-मीठ घेऊन आल्या. चिंचोळीला जायचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

ऊन वर चढलं तशी पुरुषांची पंगत बसली. पत्रावळींवर कण्या पडल्या आणि घुट्याचा वास सुटला. तेवढ्यात हे पंगतीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"गावोगाव बोललोय ते इथंबी खरं," ते म्हणाले. "पोटभर जेवा. पर जो जेवला त्यानं मला मत द्यायचं न्हाई."

लोक आधी हसले. मग त्यांचं तोंड बघून घासाला गेलेले हात थांबले. वाढलेल्या पत्रावळीवरून उठायचं म्हणजे अन्नाचा अपमान, ते कुणी करणार नव्हतं. शिवाय सकाळपासून सगळे उपाशी. एक म्हातारा म्हणाला, "आरं पन, कामून असं करायलास? तुजी मतं हायती न्हवं ही?"

"म्हनूनच," हे म्हणाले आणि बाजूला झाले.

पुरुष जेवले. खाली माना घालून जेवले. मी खांबाआड उभी राहून पदरानं डोळे पुसत होते. मला त्यांचा राग येत होता. एवढी वणवण केली, पायांच्या भेगांतून रक्त आलं, आणि शेवटी स्वतःच्याच गावातली मतं अशी कण्यांत कालवून टाकायची! दुसरा कुणी असता तर ते वाक्य त्या दिवसापुरतं विसरला असता. वकील नंतर म्हणालेच, निवडणूक म्हणजे काय पलटण आहे का म्हणून.

पंगत उठली. आता बायांची पाळी. पत्रावळी मांडल्या. पिंजाऱ्यांच्या गल्लीतली एक म्हातारी अक्का पहिल्या पानावर बसायला वाकली आणि तशीच सरळ झाली.

"का रं अप्पा," ती यांना म्हणाली, "जेवला त्यानं मत द्यायचं न्हाई म्हनलास न्हवं?"

"व्हय."

"आमी तर अजून जेवलोच न्हाई."

अक्कानं पदर खोचला, रिकामं पान उलटं घातलं आणि चालायला लागली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या पानं उलटी घालून उठल्या. मीही खांबाआडून बाहेर आले. अव्वासुद्धा काठी टेकत निघाल्या. उपाशीपोटी, भर उन्हात, आम्ही गावच्या साऱ्या बाया चिंचोळीच्या वाटेनं चाललो होतो आणि मला वेडं हसू येत होतं. जन्मभर पुरुषांच्या मागून जेवल्याचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं! तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. शाळेत आम्ही रांगेत उभ्या राहिलो आणि यांच्या पेटीत मतं टाकली.

निवडणूक हे हरलेच. गावची जी मतं त्यांना पडली ती बायांची, हे पुरुषांनाही माहीत होतं. त्यावरून आम्ही बाया गावच्या पुरुषांना पुढे कित्येक वर्षं चिडवायचो.

पण त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा सूर्य कलला होता. पाय पोळले होते, भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी येत होती. अंगणात बघते तर पत्रावळी पुन्हा सुलट मांडलेल्या, प्रत्येकीच्या पानाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. हे कोट काढून, बाह्या सारून चरीपाशी बसले होते. घुटं गार होऊ नये म्हणून जाळ घालून घालून डोळे लाल झालेले. आम्ही बसलो. त्यांनी बादली उचलली आणि अक्कापासून वाढायला सुरुवात केली. वाढायची सवय नाही, निम्मं घुटं पानाबाहेर. माझ्यापाशी आले आणि थांबले.

"वाढू?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोललेच नव्हते.

मला रडू आलं. मान खाली घालून मी नुसतं पान पुढे सरकवलं. सगळ्या जणी जेवून उठल्या, तेव्हा हंड्यात करपलेली खरवड तेवढी उरली होती. ती खरवडून घेऊन ते अंगणातच मांडी घालून बसले आणि जेवले.