जावाच्या मांडवात मोकळी सोडलेली जागा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या रविवारी आमच्या दहिवलीच्या घरातलं इंटरनेट बंद पडलं नव्हतं. राउटरची वायर मी काढली होती.

मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. कर्जत-खालापूरकडच्या हळदी, साखरपुडे, गणपती. पंधरा वर्षं माझ्या शेजारी एकच ढोलकीवाला बसतो. तो ठाकुरवाडीचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. वाडीत त्याच्या फोनला धड रेंज नाही, म्हणून व्हिडिओ बघायला तो माझ्याकडे यायचा.

तिथंच त्याला दांगदुत सापडलं. इंडोनेशियात लग्नाच्या मांडवात चालतं ते गाणं-बजावणं. पुढं गाणारी बाई, मागं कीबोर्ड, बासरी, आणि मांडी घालून बसलेला एक वादक. त्याच्यापुढं आपल्या ढोलकीच्या जातीची तीन-चार वाद्यं. पाहुणे स्टेजवर चढून नाचतात. आपली हळदच, फक्त भरदुपारची. चाली ऐकून मी म्हटलं, हे आपल्या जुन्या हिंदी सिनेमातून उचललेलं दिसतंय. तो म्हणाला, असू दे, तू हात बघ त्याचा.

तो हात त्यानं महिनाभरात बसवला आणि कुंभिवलीच्या एका हळदीत वाजवला. नाचणारे आधी थांबलेच. मग तोच ठेका चार वेळा मागून घेतला. त्यानंतर सुपारी द्यायला येणारा प्रत्येक जण मला विचारू लागला, तो इंडोनेशियावाला येणार ना? पंधरा वर्षांत कीबोर्डवाला कोण आहे, हे एकानंही विचारलं नव्हतं.

काहीतरी शिजत असल्याचा वास मला यायला लागला तो तेव्हापासून. हेवा म्हटलं असतं तर लाज वाटली असती, म्हणून मी त्याला संशय म्हणत होतो.

त्यानं आपला व्हिडिओ जावा बेटावरच्या त्या वादकाला पाठवला होता आणि त्याचं उत्तर आलं होतं. दर रविवारी माझ्या बैठकीच्या खोलीत त्यांचा व्हिडिओ कॉल चालायचा. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. एक वाजवायचा, दुसरा हसायचा, मग तो वाजवायचा. मी आत चहा ठेवत ऐकायचो. एवढं हसण्यासारखं काय आहे? आपले ठेके हा तिकडे देऊन टाकतोय का? कर्जतच्या दुसऱ्या पार्टीत जायचं ठरलंय का? एकदा मी चहा घेऊन बाहेर आलो, तर त्यानं फोन पालथा घातला. मी कप ठेवून परत आत गेलो. विचारलं असतं तर बहुतेक तिथंच मिटलं असतं.

मग त्या जावाच्या पार्टीनं त्याला बोलावलं. त्यांच्याकडच्या लग्नातला कार्यक्रम त्यांच्या चॅनेलवर थेट दिसणार होता. स्टेजवर मोठा पडदा लावायचा, आणि एका गाण्यात यानं इथून वाजवायचं. त्यांचं घड्याळ आपल्याहून दीड तास पुढं, म्हणजे कार्यक्रम आपल्याकडे दुपारी बाराला. हा बाराच्या आधीच हजर झाला. नवा शर्ट, ढोलकी कसून आणलेली.

"दादा, तू पन बस ना कीबोर्ड घेऊन," तो म्हणाला.

मला वाटलं, नेटसाठी लोणी लावतोय. म्हटलं, माझं काय काम तिथं.

तो तोंड धुवायला गेला. मी कपाटामागं हात घातला आणि वायर ओढली. राउटरवर लाल दिवा लागला.

त्यानं कपाटामागं बघू का विचारलं. मी म्हटलं, हात लावू नकोस, कंपनीचाच माणूस लागतो. मग म्हणाला, गच्चीवर जाऊन मोबाइलच्या नेटवर लागतंय का बघतो. मी म्हटलं, बस, येईलच आता. हे 'येईलच आता' मी किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. दर वेळी तो परत खाली बसला, एवढं आठवतं. ढोलकी मांडीवर, नजर त्या लाल दिव्यावर. दीड वाजून गेल्यावर त्यानं ढोलकी पिशवीत घातली.

चपला घालताना मला म्हणाला, "तोंड नको पाडू, दादा. नेट हाय ते. त्यात तुजी काय चूक?"

तो वळणापलीकडे गेल्यावर मी वायर परत लावली. दिवा लगेच हिरवा झाला.

आठ दिवसांनी मी एकटा असताना तो कार्यक्रम शोधून काढला. मांडव, गाणारी बाई, मागं पडदा. पडद्यावर दोन फोटो होते. एक त्याचा. दुसरा माझा, कीबोर्डवर वाकलेला, मागं कुंभिवलीचा मांडव. माझा फोटो तिकडे पाठवतोय हे मला दिसू नये, म्हणून त्यानं फोन पालथा घातला होता.

मग ते गाणं आलं. फोटो गेले, पडदा काळा झाला. वादकानं मध्येच हात थांबवले आणि उघडा तळवा पडद्याकडे केला. इकडून वाजेल म्हणून सगळा मांडव थांबला. काहीच वाजलं नाही. बाई हसून काही बोलली, गाणं पुढं गेलं. पुढच्या कडव्याला त्यानं पुन्हा तळवा केला. तिसऱ्या वेळी मी फोन बंद केला.

आमच्या ढोलकीवाल्यानं तिकडे माफीचं, हात जोडल्याचं चित्र पाठवलं, तिकडून अंगठा आला. त्यानंतर रविवारचे कॉल झाले नाहीत. आजही आम्ही शेजारी बसून वाजवतो. कोणी तो ठेका मागितला, तर तो म्हणतो, विसरलो. हात असं विसरत नाहीत, हे मला माहीत आहे.

वायर मी काढली, हे त्याच्यासमोर बसून सांगायचं देणं मी त्याला लागतो. ते अजून बाकी आहे.