अव्वाला डॉलर का नको होते

त्या वर्षीचा सगळा मार्च आमच्या घरात डॉलर की पौंड यातच गेला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती... कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं गुळाचं दुकान आणि त्याच्या मागं घर. अप्पांच्या ओळखीच्या काही व्यापाऱ्यांनी युरोपची टूर ठरवली, आणि अप्पांनी आपल्याबरोबर अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचंही नाव देऊन टाकलं.

तोवर चंदगडच्या पुढं गोवा लागला की आमचं जग संपायचं. त्यामुळे रोज संध्याकाळी दुकानाच्या गादीवर बैठक भरायची. पैसे कुठल्या चलनात न्यायचे हे आधी बँकेत सांगावं लागायचं, आणि जो कधीच कुठं गेला नव्हता तो सगळ्यात जास्त सल्ले द्यायचा.

मी तेव्हा कॉलेजात होते. आतल्या उंबऱ्यावर बसून ऐकायचे... गुळाच्या त्या उबदार वासात हळूहळू माझे डोळे मिटायचे. मग मला दिसायचं, कुठल्यातरी पांढऱ्याशुभ्र रस्त्यावरून धोतर नेसलेले अप्पा चाललेत आणि मागून इरकली लुगड्यावर स्वेटर घातलेली अव्वा. दोघं नुसतेच चालतायत...

घरामागच्या परड्यात अव्वाच्या दोन म्हशी होत्या. गल्लीला दूध तीच घालायची आणि त्याचा हिशोबही तिचाच. तिला अक्षरओळख नव्हती. नोटा ती रंगावरून आणि आकारावरून ओळखायची... पाचाची हिरवी, शंभराची निळी. तिला कुणी कधी फसवल्याचं मला तरी आठवत नाही.

शेवटी एकदाचं ठरलं, सगळे डॉलरच घ्यायचे. अव्वानं भाकरी थापता थापता विचारलं, "त्यातलं माझ्या हातात किती?" अप्पा हसले. "तुला काय करायचंय? मी हाय की."

अव्वानं भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी धार काढताना मला म्हणाली, "मी न्हाय जात. साधा चा प्यायचा झाला तरी ह्यांच्या खिशाकडं बघत बसायचं व्हय मी, एवढ्या लांब जाऊन?" मला वाटलं, निवळेल राग. पण तिनं अप्पांना सरळ सांगितलं, माझं नाव काढून टाका.

दोन दिवसांनी अप्पा नरमले. थोडे डॉलर तुझ्याकडं देतो म्हणाले. अव्वाची कळी खुलली, पण ती पक्की व्यवहारी... आधी नोट बघते, मग बोलते, म्हणाली.

शेजारी हसीनाभाभी राहायच्या. त्यांचा भाऊ जहाजावर स्वयंपाकी होता आणि ठिकठिकाणच्या उरलेल्या एकदोन नोटा बहिणीला हौसेनं आणून द्यायचा. अव्वा मला घेऊन त्यांच्याकडं गेली, तेव्हा भाभींनी त्या नोटांचा बिस्किटाचा डबा खाटेवर उपडा केला. अव्वानं डॉलर उचलले. एकाची, पाचाची, दहाची... तिन्ही हातात घेऊन ती उलटीपालटी करत राहिली.

"भाभी, हे सगळं एकाच रंगाचं की. मापबी एकच. मी कुठली कुठली कशी ओळखायची?"

गादीवरच्या एवढ्या चर्चेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉलर हातात असूनही अव्वाला अप्पांनाच विचारावं लागणार होतं.

मग तिनं बाकीच्या नोटा एकेक करून चादरीवर मांडल्या. लाल, निळ्या, तपकिरी, लहान, मोठ्या... वर पंखा कुरकुरत होता, दुपार कशी सरली कळलंच नाही. कुठल्या देशाची कुठली, हे भाभींनाही नीट ठाऊक नव्हतं. आम्ही तिघी नुसत्या रंगांवरून देश कल्पत बसलो होतो... हिथं समुद्र असंल, हिथं लई थंडी असंल.

"ही मात्र मला माहितीय," भाभी म्हणाल्या. "स्वित्झर्लंडची. भावाला कुणीतरी बक्षीस दिली. तिथं गायींच्या गळ्यात मोठाल्या घंटा आसत्यात म्हणं, आन त्या डोंगरावर चरत्यात." अव्वानं ती नोट बराच वेळ हातात धरली. म्हणाली, "माझ्या वाटणीचं ह्यातलं आणा."

अप्पा बँकेत गेले तेव्हा मी बरोबर होते. काउंटरवर त्यांनी खाकरून सांगितलं, "मला डॉलर द्या. आमच्या घरच्यांना स्वित्झर्लंडचं पायजेत... रंगीत." साहेबांनी समजावलं, डॉलर सगळीकडं चालतात, स्वित्झर्लंडचे पैसे तिथल्या दोनच दिवसांत उपयोगी पडतील. अप्पा म्हणाले, "दोन दिवस तर दोन दिवस. ती येते म्हणलीया." मुंबईहून नोटा मागवाव्या लागल्या. घरी आल्यावर कुठला रंग कितीचा हे मी अव्वाला एकदाच सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

मे महिन्यात दोघं गेले आणि सुखरूप परत आले. पुढं दुकानात येईल त्याला अप्पा एकच गोष्ट सांगायचे. स्वित्झर्लंडात एका तळ्याकाठी टेबलं मांडली होती. अव्वा म्हणाली, "बसा तुम्ही," आणि कनवटीची नोट काढून एकटीच आत गेली. दोन कॉफ्या घेऊन आली, मुठीत मोड. "लई झ्याक कॉफी," अप्पा म्हणायचे आणि उगीचच इकडंतिकडं बघायचे.

गल्लीतल्या बायका अव्वाला बर्फाचं विचारायच्या, विमानाचं विचारायच्या. ती हूं हूं करायची. एकदा परड्यात आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं, अव्वा, खरं सांग, तुला काय आवडलं?

तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, "मी नोट दिली, त्या बाईनं मोड दिली. कुणाला इचारून खर्चतीस, आसं कुणी म्हणलं न्हाय बघ."

म्हशी तिच्या, दूध तिचं, कष्ट तिचे... आणि तरी हा प्रश्न तिला इथं आयुष्यभर विचारला जात होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्या अनोळखी कॉफीवाल्या बाईचे मी अजूनही मनातल्या मनात आभार मानते.