खांबावरची साडी

अंगणात गाडी उभी राहील असं घर पाहिजे, एवढी एकच अट होती आमची. कौलं गळली तरी चालतील, पण गाडी आत आली पाहिजे. ही गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आमच्या ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि काम सोडल्यावर स्वतःच्या हातानं तिच्यात दोन पलंग, शेगडी, मोरी, एवढंच काय, संडाससुद्धा बसवला. दोघांनी मिळून देश बघायचा, हे त्यांचं लग्नापासूनचं म्हणणं. पुण्यातल्या सोसायटीनं ती गाडी दोनदा गेटाबाहेर काढायला लावली. मेल्यांनो, तुमच्या घरटी दोन-दोन गाड्या चालतात आणि आमची एक डोळ्यांत खुपते होय? मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, ऐकून घ्यायची सवय नाही. म्हटलं, चला, गावाकडंच घर घेऊ.

आणि इथंच माझी अक्कल शेण खायला गेली. घर घेतलं ते माहेरी, जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाकडून.

त्यानं नवा बंगला बांधला होता, जुनं घर रिकामंच होतं. पुढं ऐसपैस अंगण. गल्लीतून अंगणात यायची वाट मात्र त्याच्याच मोकळ्या जागेतून. खरेदीखताच्या वेळी हे मला हळूच म्हणाले, "वाटेचंही लिहून घेऊ." मीच त्यांच्यावर डाफरले. भावाकडून वाट लिहून घ्यायची? आमच्याकडं बहीण भावाला कागद मागत नाही. मागितला की माहेर तुटलंच म्हणून समजा. भाऊही म्हणाला, "ताई, वाट काय कुनी लिहून घेतं व्हय? तुझीच हाय ती." कागदावर चतुःसीमा आल्या, वाट राहिली.

पावसाळ्यात आम्ही आठ दिवस कोकणात फिरून आलो. परत येऊन बघतो तर वाटेवर सिमेंटचे चार खांब आणि काटेरी तार. भाऊ तंबाखू मळत उभा.

"टोमॅटोच्या क्रेटला शेड टाकायचीय," तो म्हणाला. "तुला जायला ठेवलीय की वाट."

ठेवली होती. एक माणूस अंग चोरून जाईल एवढी.

"आणि गाडी?"

"वाट मानसाला दिली व्हती, ताई. गाडीचं काय बोलनं झालं न्हवतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीसाठीच घर घेतोय हे ह्यानं माझ्या तोंडून पन्नासदा ऐकलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. हे मात्र गाडी मागं घेऊन शाळेच्या भिंतीला लावून आले. तहसीलदाराकडं अर्ज करा, असं सगळे सांगायचे. करा की! निकाल लागेपर्यंत आम्ही दोघं फोटोत जाऊ.

राग वाटेचा होताच, पण खरा राग जुना होता. वडील गेले त्या वर्षी मी भाऊबीजेला आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हा म्हणाला, "ताई, गाडीत बस. जुन्नरला जायचंय." मला वाटलं, बाजार असेल. नेलं ते दस्तनोंदणीच्या कचेरीत. हक्कसोडपत्र. मी वाचलंसुद्धा नाही, सही केली. येताना त्यानं मला एक साडी घेतली आणि मी ती मिरवली, अख्ख्या वॉर्डात मिरवली! बापाच्या जमिनीतला माझा वाटा एका साडीत गेला, आणि पुढं त्याच जमिनीतलं घर मी पदरचे पैसे मोजून विकत घेतलं. आता तिथंच मला अंग चोरून जायचं होतं.

दिवाळीच्या तोंडावर हे म्हणाले, "गाडी विकून टाकू. नारायणगावचं एक गिऱ्हाईक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बघायला येतंय." म्हणताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कोकणात ह्याच गाडीच्या पायरीवर बसून चहा पिताना हा माणूस लहान पोरासारखा हसत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

भाऊबीजेला भाऊ आला. पाट मी खांबांजवळ मांडला, बाहेर, सगळ्यांना दिसेल असा. त्याला ओवाळलं. त्यानं ताटात साडीचं पाकीट ठेवलं. मी साडी उलगडली आणि खांबावर टाकली.

"ही नको. मला गाडीची वाट दे."

"ताई, सनासुदीचं असं बोलत्यात व्हय?"

"मागं सणालाच सही घेतलीस ना माझी? तवा एका साडीत बापाची जमीन घेतलीस. ही साडी घे आणि दहा फूट परत दे."

तो उठला आणि न जेवता गेला. साडी मी तशीच ठेवली. भाऊबीज म्हणजे गल्लीभर माहेरवाशिणी. जी ती जाता-येता विचारायची, "अगं, साडी का वाळत घातलीस खांबावर?" मी सांगायचे. एकजणही हसली नाही. एक म्हातारी म्हणाली, "मला तर साडीबी न्हवती, नुसता खण व्हता." मग त्या पाच-सहा जणी तिथंच उभ्या राहिल्या आणि भावाच्या नव्या बंगल्याकडं बघत राहिल्या. त्यांत त्याची बायकोही होती. तिनंही कधीतरी आपल्या भावासाठी सही केलीच होती.

सकाळी बघते तर खांब उपटून कडेला टाकलेले. ह्यांनी नारायणगावला फोन करून गिऱ्हाइकाला नको सांगितलं आणि शाळेजवळून गाडी आणली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच ती अंगणात आरामात वळली. भाऊ तारेचं भेंडोळं हातात घेऊन उभा होता.

"झालं ना मनासारखं? आता तरी आत ये म्हन."

मी आत गेले, खरेदीखताची पिशवी घेतली आणि गाडीचं दार त्याच्यासाठी उघडून धरलं.

"गाडीत बस," मी म्हटलं. "जुन्नरला जायचंय."