मागची ओवी

आलापल्लीच्या सागवान डेपोत बाबूजी लाकडं मोजायचे आणि मी कारकून होतो. संध्याकाळी आम्ही दमलेली माणसं ओसरीवर बसून देवाधर्माचं बोलायचो. कोणी पोथीतली ओवी म्हटली, की बाबूजी डोळे मिटूनच म्हणायचे, “मागची ओवी सांगा, भाऊ.” आम्हाला त्याचा कंटाळा यायचा.

त्या साली लाकूड चिरणाऱ्या एका मजुराची बायको तापाने गेली. तेरवी झाल्यावर तो येऊन पायरीशी बसला. ठेकेदाराने त्याला एक ओवी ऐकवली, आपलंच पाप आपल्याला भोवतं अशा अर्थाची. मजुराने मान खाली घातली.

“मागची ओवी?” बाबूजींनी विचारलं. ठेकेदाराला ती येत नव्हती. मग बाबूजी पाय ओढत घरी गेले, तीच पोथी घेऊन आले आणि मागचं पान सावकाश वाचलं.

“हे पोथीतला राजा सोताले म्हणून राह्यला. दुसऱ्याच्या बायकोले नाई.”

मजुराने विचारलं, “मंग तिचा काई दोष नोता, बाबूजी?”

त्यांनी पोथी मिटली.

“नोता. पण हे पोथीत नाई. हे मी सांगून राह्यलो.”