सुभेदारसाहेबांची बाळंतपणाची ड्यूटी

चार माजी फौजी एका ठिकाणी बसले की चहा संपतो, किस्से काही संपत नाहीत. त्यातले सीमेवरचे किस्से निम्मे खोटे असतात, हे मी स्वतः सिग्नलमधला हवालदार असून सांगतो! पण आमचे रत्नागिरीतले किस्से शंभर टक्के खरे. कारण साक्षीदार इथेच राहतात, आणि थाप मारली की मासळीबाजारात गाठून जाब विचारतात.

मांडवीत इब्राहिमभाईंच्या घराच्या पडवीत आम्ही रोज सकाळी जमतो. ज्या घरातला मुलगा किंवा नवरा फौजेत आहे किंवा होता, त्या घरची अडलीनडली कामं करायची, हा आमचा उद्योग. इब्राहिमभाई नेव्हीत कुक होते. आणि आमचे म्होरके सुभेदार राणे. साहेबांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, फक्त त्यांना ते कोणी अजून कळवलेलं नाही!

*

पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो मोबाइलवर निघतो. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची, बस्स.

आमच्या द्वारकाआजी, म्हणजे एका दिवंगत हवालदाराची बायको, कॅमेऱ्यासमोर बसल्या त्या डोळे वटारूनच.

"आजी, जरा डोळे मिटा."

"नाय मिटायची! मी मिटले आणि तेवढ्यात ह्यानं मेली म्हणून लिहिलंन तर?"

सगळ्यांनी समजावलं. आजी ढिम्म! शेवटी इब्राहिमभाई आतून कांदे घेऊन आले आणि आजींच्या शेजारी बसून मुकाट्याने चिरायला लागले. आजींच्या डोळ्यांची आपोआप उघडझाप झाली आणि दाखला निघाला.

पदराने नाक पुसत आजी म्हणाल्या, "म्हणजे आता वर्षभर मरायची चोरी!"

*

यंदाची आमची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे सायली. तिचा नवरा संदेश तिकडे वर, बर्फातल्या चौकीवर. सायलीचं माहेर खेडच्या पलीकडे, पार आत. तिथून दवाखाना लांब, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती इथेच सासूपाशी राहिली होती. संदेशची रजा मंजूर झाली, बॅग भरली, आणि नेमका रस्ता बर्फाने बंद झाला!

चौकीवर मोबाइल चालत नाही. युनिटच्या फोनवरून आठवड्यातून एकदा नंबर लागतो, तोही दोन-चार मिनिटांपुरता. त्या मिनिटांतली काही त्याने मला दिली.

"काका, माझं येणं काही होत नाही आता. बाळ झालं की त्याचं रडणं तेवढं मला ऐकवा. फोटो पोचायचा तेव्हा पोचेल. पण रडताना ऐकलं ना, म्हणजे आपण बाप झालो असं खरं वाटेल."

मी म्हटलं, "ऐकवतो रे." फोन ठेवला आणि तडक सुभेदारसाहेबांचं घर गाठलं.

*

हे सुभेदारसाहेबांना सांगितलं मात्र, दुसऱ्या दिवशी सायलीच्या घरावर पहारा लागला! सकाळी इब्राहिमभाई, दुपारी मी, संध्याकाळी साहेब जातीने. नुसतं जाऊन बसायचं नाही, फाटकापाशी उभं राहून रीतसर चार्ज द्यायचा.

पहिल्याच संध्याकाळी मी टाच आपटून रिपोर्ट दिला, "गरोदर महिला एक, सासू एक, मांजर एक. सब ठीक, साहेब!"

सासूबाई, म्हणजे सुलभावहिनी, अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मांजराच्या आधी मोजलंत, उपकार झाले!"

*

खाण्यापिण्याचं खातं इब्राहिमभाईंकडे. हाताला चव आहे खरी, पण जन्म गेला आख्ख्या जहाजाचं जेवण रांधण्यात. थोडकं करायचं म्हटलं की त्यांचा हातच चालत नाही!

सायलीसाठी म्हणून त्यांनी डिंकाचे लाडू वळले. परात भरली, दुसरी परात भरली, मग शेजारून टोप मागवला. आख्ख्या वाडीने बाळंतिणीचा खुराक खाल्ला. बाळंतीण व्हायची अजून बाकी!

शेजारच्या नानांचे गुडघे धरलेले होते. आठवडाभर लाडू खाऊन ते तुरुतुरु चालायला लागले. परवा मला हळूच विचारतात, "काय हो, हिचं दुसरं कधी?"

*

मग साहेबांनी रंगीत तालीम काढली. घर ते दवाखाना, माझ्या गाडीतून, घड्याळ लावून. सायलीला उगाच कशाला दगदग, म्हणून तिच्या जागी मागच्या सीटवर इब्राहिमभाईंना आडवं केलं. साहेबांची सक्त ताकीद, "कण्हत राहायचं! त्याशिवाय ड्रायव्हरला घाई वाटत नाही."

भाई असे काही कण्हले, की दवाखान्याच्या दारात गाडी थांबायच्या आत दोघांनी त्यांना उचलून व्हीलचेअरमध्ये घातलं. नर्स धावत आली. "काय होतंय ह्यांना?"

साहेब खोटं कधी बोलत नाहीत. ताठ उभे राहून म्हणाले, "नववा महिना भरलाय!"

नर्सने भाईंच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि डोक्याच्या डॉक्टरांची खोली दाखवली.

*

सगळं हसतखेळत चाललं होतं असं मात्र समजू नका. एका संध्याकाळी साहेब फाटकात उभे असताना सायली बाहेर आली आणि एकदम फुटली. "मला गार्ड नकोय, साहेब! मला नवरा हवाय!"

मला वाटलं, आता साहेब शिस्तीवर लेक्चर देणार. साहेबांनी टोपी काढली. मग म्हणाले, "पोरी, तो माझ्या स्टोअरमध्ये नाही गो. असता तर सही न घेता दिला असता."

सायली रडता रडता हसली. साहेब नाक शिंकरायला रस्त्याच्या पलीकडे गेले.

*

आणि मुलगी झाली! भरदिवसा, माझ्याच ड्यूटीत. दोघीही सुखरूप. युनिटला निरोप धाडला आणि आम्ही फोनची वाट बघत बसलो.

दोन दिवसांनी दुपारी, आम्ही सगळे दवाखान्यात बाळापाशी असताना, फोन वाजला. खरखर, शिट्ट्या, आणि मधूनच संदेश. "काका, दोनच मिनिटं आहेत! मागे पोरं उभी आहेत. ऐकवा!"

मी स्पीकर लावून फोन बाळाच्या तोंडाशी धरला. बाळ गाढ झोपलेलं!

सुलभावहिनींनी कपाळावर हात मारला. "रात्रभर वॉर्ड डोक्यावर घेतलंन, आणि आता बघा कशी!" त्यांनी तळपायाला गुदगुल्या केल्या. इब्राहिमभाईंनी चमचा वाटीवर बडवला. मी गालाला ओलं बोट लावलं. बाईसाहेबांनी एक जांभई दिली आणि कूस बदलली.

"रड गो बाय," सायली विनवायला लागली. "बाबा आहेत ना फोनवर. एकदाच रड!" म्हणता म्हणता तिच्याच डोळ्यांतून धारा लागल्या.

"काका, अर्धं मिनिट उरलं," संदेश म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम खाली गेला. "असू दे सायली. झोपू दे तिला. पुढच्या वेळी बघू."

सुभेदारसाहेब इतका वेळ दाराशी उभे होते. ते तरातरा आत आले, खाटेपुढे थांबले, टाचा जुळवल्या, छाती भरून घेतली आणि परेड ग्राउंडवरचा आवाज लावला.

"साऽऽऽव... धान!"

पलीकडच्या खाटेपाशी डुलक्या घेणारे एक आजोबा ताडकन उभे राहिले. नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला. आणि आमच्या बयेने डोळे उघडून असं भोकाड पसरलं, की खिडकीतले कावळे उडाले!

फोनमध्ये क्षणभर नुसती खरखर. मग तिकडे पोरांचा एकच गलका उठला. त्या गलक्यातून संदेशचा रडवेला आवाज आला.

"साहेब, पाया पडतो, इतक्यात 'विश्राम' म्हणू नका! रडू दे तिला!"